मशीन पास झालं

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, धडगावात जमनाबाईवर अन्याय झाला. ती आमच्या पाड्यावरची, सातव्या महिन्याची गरोदर.

परवा शहाद्याच्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि तो बाजार डोळ्यांपुढे उभा राहिला. ढोल, धूळ, गुळाची जिलेबी. रक्त तपासायचं, लष्करासाठी बनवलेलं मशीन घेऊन दोन साहेब आले होते. धक्के, धूळ आणि ऊन सोसून ते बरोबर चालतं का, हे त्यांना आमच्या घाटात बघायचं होतं. त्यांनी जमनाबाईचं बोट स्पिरिटने पुसून टोचलं, मशीन जीपच्या टपावर बांधून घाटात फिरवून आणलं आणि पुन्हा तिच्यापुढे ठेवलं.

"आखो एकडाव बोट दे, मावशी. मुंगी चावनी आसं समज," त्यांचा जीपवाला हसत म्हणाला.

दोन्ही वेळा हिमोग्लोबिन पाचच आलं. साहेबांनी एकमेकांना टाळी दिली.

"मन्हं रगत चांगलं शे ना, दादा?" तिने बाजारापुरत्या अहिराणीत विचारलं.

"एकदम बरोबर, मावशी! मशीन पास!" एक साहेब म्हणाला.

तीही हसली. शेजारी उभ्या असलेल्या मलाही ती आनंदाचीच गोष्ट वाटली. पाच म्हणजे काय, ते आज कळतं: गरोदर बाईला निदान अकरा हवं, पाच म्हणजे जिवाला धोका. तिला त्याच पावली दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. मशीन सीमेवर पोचलं असेल. आमच्या पाड्यावर ते कधीच आलं नाही.

तुमच्या गावात कोणी कसल्याही चाचणीसाठी रक्त मागितलं, तर आधी विचारा, याचा निकाल आम्हाला कोण सांगणार? उत्तर मिळेपर्यंत कुणालाही बोट पुढे करू देऊ नका.