बिनखुणेची शेळी

आखातात, रोल्ला भागातल्या आमच्या नर्सरीत तेव्हा माझ्याइतकी हुशार बाई दुसरी नव्हती. हे माझंच मत होतं, पण मी ते इतक्या ठामपणे बाळगून होते की बाकीच्यांनी वाद घालणं सोडून दिलं होतं. गळ्यात आयकार्ड, खांद्याला पिशवी, पिशवीत लॅमिनेट केलेली चित्रं. आज ती बाई समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग म्हणेन, बाई गं, जरा टेक.

दहाएक वर्षं झाली असतील. आमच्या नर्सरीने डोंगरातल्या एका वस्तीच्या बालकेंद्राबरोबर काम सुरू केलं. माणसं तिथली मूळची, पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या राखणारी. आता घरातली मुलं सरकारी नोकऱ्यांत, दारात मोठाल्या गाड्या, पण शेळ्या काही सुटल्या नव्हत्या. केंद्र त्यांचं, आम्ही हातभार लावायचा, दोघांनी एकमेकांकडून शिकायचं, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं. त्यातलं ‘एकमेकांकडून’ एवढंच नेमकं माझ्या कानात शिरलं नसावं. दर मंगळवारी व्हॅनमधून मी शिकवायला जायचे.

केंद्र एक म्हातारी चालवायची. हज करून आलेली म्हणून सगळे तिला मानाने हज्जा म्हणत, मीही म्हणायचे. चेहऱ्यावर सोनेरी झाक असलेला बुरखा आणि तोंडात देऱ्याच्या बाजारातल्या कापडवाल्यांशी घासाघीस करता करता शिकलेली हिंदी. तिची चार वर्षांची नात तिथेच यायची. आईबाप नोकरीपायी अबुधाबीत, पोर आजीच्या हाताखाली वाढलेली.

त्या मंगळवारी मी मुलांची तपासणी करत होते. पाच चित्रं दाखवायची, मुलाने तीन तरी प्राणी ओळखायचे. नातीपुढे पहिलं चित्र धरलं, शेळीचं. तिने कार्ड हातात घेतलं, डोळ्यांशी नेलं, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली आणि गप्प बसली. मी गाय दाखवली, घोडा दाखवला. ती आपली त्या पहिल्या कार्डाकडेच बघत राहिली.

मी काय केलं असेल? ‘प्राणी ओळखते: नाही. भाषेत मागे. शहरातल्या खास वर्गात पाठवावे.’ खाली झोकदार सही. वर कामसूपणाचा कळस म्हणून तिथल्या तिथे फोटो काढून ऑफिसला पाठवूनही दिला.

हज्जा शेजारी येऊन बसली. “टीचर, काग़ज़ में क्या लिखा?”

मी वाचून दाखवलं. चांगलं मोठ्याने वाचलं.

तिने नातीला जवळ ओढलं. मग म्हणाली, “शहर जाएगा, तो मेरे पास नहीं रहेगा?”

“उसके अच्छे के लिए, हज्जा.” आता हे वाक्य आठवलं की मला स्वतःचे कान पिळावेसे वाटतात.

“अच्छा,” ती उठली. “यल्ला, आओ.”

मागच्या बाजूला दगडी कुंपणात तीसेक शेळ्या होत्या. तिने नातीला उचलून कुंपणावर बसवलं आणि एका शेळीकडे बोट करून अरबीत काही विचारलं. आणि मुकी म्हणून मी जिची नोंद केली होती, तिचं तोंड सुरू झालं ते थांबेचना! हज्जा मला हिंदीत सांगत होती: ती काळी मामाची, त्याची खूण उजव्या कानाचं टोक कापलेलं. ती तांबडी शेजाऱ्यांची, दोन्ही कानांना छेद. आमच्या घरची खूण डाव्या कानाला एक खाच. कान बघितल्याशिवाय इथे कोणी शेळीबद्दल बोलत नाही, कारण दुसऱ्याची शेळी आपली म्हणणं म्हणजे चोरी.

“तुम्हारा फोटो वाला बकरी,” हज्जा म्हणाली, “कान में कुछ नहीं. बच्ची सोचता, किसका है?”

मग तिने एका पांढऱ्या शेळीकडे बोट केलं. “अब टीचर बोलो. ये किसका?”

मी कान न्याहाळले. “बकरी... सफेद.”

“सफेद तो मैं भी देखता. किसका?”

कुंपणावरची पोर खो खो हसायला लागली.

“टीचर का फॉर्म कौन भरेगा?” हज्जाने विचारलं.

मी तिथूनच आमच्या को-ऑर्डिनेटरला फोन लावला. ती पुण्याकडची, नियमाला पक्की. म्हटलं, “तो मघाचा फॉर्म रद्द करा.”

“असं कसं? रीझन काय टाकू?”

“टाका, टीचरला प्राणी ओळखता येत नाहीत.”

“मॅडम, तुमच्या फाइलला राहील हं ते.”

फोन ठेवून द्यावासा वाटला, खोटं कशाला सांगू? पण हज्जा माझ्याकडे बघत उभी होती. म्हटलं, “राहू दे. माझ्याच सहीने खोडा.”

पुढच्या मंगळवारी को-ऑर्डिनेटर जातीने हजर झाली. पुन्हा तपासणी घ्यायची, तिच्यासमोर, त्याच पाच चित्रांनी, नाहीतर पहिला फॉर्म कायम. मी नातीपुढे शेळीचं कार्ड ठेवलं. ती पुन्हा गप्प. को-ऑर्डिनेटरने पेन उघडलं. हज्जा दारात उभी.

तेव्हा मी, आयुष्यात पहिल्यांदाच, पुढचं चित्र काढलं नाही. कागदकामाच्या तबकातली मुलांची बोथट कात्री उचलली आणि कार्डाशेजारी ठेवली.

पोरीने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. मग ओठ दाबून, दोन्ही हातांनी जोर लावून त्या जाड प्लॅस्टिकमधून शेळीच्या डाव्या कानाला एक खाच पाडली. कार्ड उंच धरून तिने अरबीत जाहीर केलं, “आमची शेळी!” आणि मग गाय, घोडा, मांजर, उंट सगळे धडाधड सांगून टाकले. उंटाचं पोट बारीक का, अशी तक्रारही केली.

को-ऑर्डिनेटरने पेन माझ्या हातात दिलं. “भरा तुम्हीच.”

मी ‘हो’ लिहिलं आणि सही केली, या वेळी साधी. पोर आजीजवळच राहिली. आणि हज्जाने नियम केला: मंगळवारी टीचरने आधी कुंपणापाशी यायचं, एक कान ओळखायचा, मगच वर्गात पाऊल टाकायचं. वर्षभरात मला तीन घरांच्या खुणा जमल्या. चौथ्या घराला मी अजूनही नापास आहे.