घूं घालवायला बसलेला वैजनाथ

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात वैजनाथइतका कडू माणूस दुसरा न्हाई, आन हे सासूसंगं वीस वर्सं काढलेली बाई सांगून राहिली. माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्याच्या अगदी समोर. त्यो रेडिओ, टेप, लग्नाचे भोंगे दुरुस्त करतो. गिऱ्हाईक आलं की पहिले शिव्या, मंग वस्तू हातात. "कोन्या गाढवानं खोलला व्हता हा?" म्हणतो, आन खोलणारा समोरच उभा ऱ्हातो.

त्याच्या बाजूला किसनरावाची पिठाची गिरणी. दोघायचं आठ वर्सं झाले बोलणं न्हाई. पीठ उडून उघड्या रेडिओत जाते म्हणून यानं मधात पत्रा ठोकला, त्यानं पत्र्याला लात मारली, झालं. आता काई बोलायचं असलं की मला सांगतात, दुसऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

मागल्या म्हयन्यात तांड्यावरच्या हिरासिंगचा पोरगा दिपक आला. ब्यांडमधी गिटार वाजवतो. नांदेडहून गिटारचा आवाज मोठा करायचा जुना ॲम्प आणलेला, संगं आवाज बदलायची इफेक्टची पेटी. ॲम्पच्या आत बल्बासारखे काचेचे व्हॉल्व, पेटले की इस्तवासारखे लाल. पण पेटी जोडली की तार छेडायच्या आधीच ॲम्पमधून घूं सुरू.

"काका, ऐतवारी हिंगोलीत कार्यक्रम हाये. ही घूं घालवा."

"कोन्या गाढवानं खोलला?"

"मीच."

"मंग बराबर."

गिरणीच्या पायरीवरून किसनराव मला बोलला, "पारुवैनी, पोराला सांगा, परत नांदेडला ने. इथं आता चार्जरच्या वायरीच नीट होतात फकस्त."

वैजनाथनं बी माझ्याकडंच पाह्यलं. "वैनी, त्याला सांगा. शनवारपर्यंत घूं गेली न्हाई तर दुकानाची पाटी उतरवतो अन् त्याच्या गिरणीवर डबे उचलायला येतो."

मी हसले, पण हा माणूस बोलला की करते. आन पंचावन्न वर्साच्या वयात त्याला दुसरं काई येत न्हाई.

चार दिवस त्यानं ॲम्पमधी डोकं घातलं. फुगलेले जुने कंडेन्सर बदलले. व्हॉल्व पेटवायच्या दोन तारा एकमेकीत पिळून घट्ट बसवल्या.

"वेणी बरी घालता की," मी म्हणलं. "कधी बायकोची घातली का?"

त्यानं पेचकसानं मला दार दाखवलं.

घूं कमी झाली, पण गेली न्हाई. मंग दोष कोनाचा? किसनरावाचा. "गिरणीची मोटर लाईन खराब करून राहिली, वैनी."

किसनरावानं ऐकलं. भर दुपारी, पाच बायायचे ज्वारीचे डबे रांगेत असताना गिरणी बंद केली. सगळा रोड गपगार. आन त्या गपगारात ॲम्पची घूं अजून मोठी वाटली.

"वैनी, पाटीला खिळे किती हायेत?" किसनराव म्हणला. बाया हसल्या. मी बी हसले, खोटं काहून बोलू. वैजनाथचे कान लाल झाले, अन् त्यानं डोकं परत ॲम्पमधी घातलं.

शनवारी दिपक तापला. "तुमच्यानं होत नसंल तर सांगा ना, काका." म्हणत त्यानं गिटारच्या इफेक्टची पेटी अन् ॲम्प जोडणारी वायर उपटली. घूं बंद. वायर घातली, घूं चालू.

वैजनाथनं आता दोन्ही पिना कुठं घातल्यात ते पाह्यलं. ॲम्पची पिन टेबलावरच्या बोर्डात, पेटीची मागल्या भिंतीत. टेबलाचं अर्थिंग भांडणानंतर त्यानं स्वतः ठोकलेल्या सळईचं. भिंतीतली अर्थिंगची तार मातर पत्र्याखालून जुन्या खड्ड्यात जाते. भांडणाआधी कोळसा अन् मीठ घालून दोघायनी मिळून खंदलेला त्यो खड्डा, किसनरावाच्या जाग्यात. ही तार त्यो इसरूनच गेला व्हता. दोन अर्थिंग, आन त्यायच्या मधातला करंट त्या जोडवायरीतून पळून राहिला, तीच घूं.

दोन्ही पिना टेबलाच्या बोर्डात घातल्या. सळई कोरड्या मुरमात, म्हणून अर्थिंग कच्चं; घूं बारीक उरली अन् दिपकच्या बोटाला झिणझिण्या आल्या. दोन्ही भिंतीत घातल्या. एकदम शांत.

"झालं की," मी म्हणलं.

"त्याच्या अर्थिंगवर मी जिंकणार न्हाई." वैजनाथ पक्कड घेऊन गेला पत्र्यापलीकडं. "वैनी, त्याला सांगा, माझी तार काढून घ्यायला आलो. मी नवा खड्डा खंदतो."

"काका, कार्यक्रम उद्या हाये," दिपक रडकुंडीला आला.

किसनराव आडवा आला. "वैनी, सांगा त्याला. माझ्या जाग्यातल्या वस्तूला हात लावला तर हात तोडीन. तार मागायला आठ वर्सानं आला. न्हाई भेटत."

"न्हाई देत?"

"न्हाई."

आठ वर्सात ते दोघं पह्यल्यांदा सरळ बोलले, ते असं.

वैजनाथनं पक्कड खिशात घातली. वापस येऊन मागल्या भिंतीतल्या दोन्ही पिना अजून घट्ट दाबल्या, आवाज पुरा वाढवला अन् दिपकला म्हणला, "वाजव. आन हिंगोलीत बी दोघायची पिन एकाच बोर्डात घाल, गाढवा."

दिपकनं तार छेडली. सूर रोडवर गेला, थांबला, आन मागं काईच उरलं न्हाई. बाया डबे घेऊन दारात आल्या. कोनीतरी म्हणली, "गेली की घूं."

किसनराव पायरीवर आला. कान देऊन ऐकलं, तोंड वाकडं केलं. मंग आत गेला अन् दाणा न टाकता रिकामी गिरणी सुरू केली, ती शांती कोनाला ऐकू जाऊ नये म्हणून.