दोन घंट्यांचा फोन

दोन हजार तेवीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मी तीन दिवस माझ्याच ऑफिसात, माझ्याच खुर्चीवर कोंडून पडलो. दाराला कडी नव्हती. समोर आमच्या शहरातल्या द्वारका चौकाचा रस्ता दिवसभर वाहत होता, पण मला उठता येत नव्हतं आणि कुणाला काही विचारता येत नव्हतं.

माझी शाळा चौथीपर्यंतची. वाचता येतं, पण अक्षराला अक्षर लावत. आकड्यांचं मात्र डोकं आहे. त्या डोक्यावर मी एका टेम्पोचे चार टेम्पो केले. शेतातला भाजीपाला आणि फुलं उचलायची आणि बाजारात नेऊन टाकायची, हा आमचा धंदा. गिरणारे, मखमलाबाद, त्या सगळ्या बाजूचे बागायतदार आमचे.

या धंद्यात आमची एक रीत होती. पूर्वी फोन महाग, म्हणून शेतकरी आम्हाला मिस कॉल द्यायचा. दोन घंट्या वाजवून फोन कापला, तर माल तयार आहे, टेम्पो पाठवा. एकच घंटी वाजवून कापला, तर आज नको. माझ्या टेबलावरच्या फोनला नंबर दिसायची छोटी पट्टी होती. शेवटचे तीन आकडे बघितले की मला शेत दिसायचं. चारशे बारा म्हणजे विहिरीजवळचा टोमॅटो, नऊशे सात म्हणजे ओढ्याकाठचा गुलाब. न बोलता सगळा कारभार व्हायचा. पुढे फोन फुकट झाले तरी लोकांची सवय गेली नाही. माझी तर मुळीच नाही. पहाटे पाचला मी खुर्चीवर बसलो की सातपर्यंत सगळ्या गाड्या कुठं जायच्या ते ठरलेलं असायचं.

मुलाला हे आवडत नव्हतं. त्याला हॉटेलवाले आणि मोठे दुकानदार गिऱ्हाईक म्हणून पाहिजे होते. तो म्हणायचा, "बाबा, लोकांना आपला फोन एंगेज लागतो. आपण एक सिस्टीम बसवू. फोन आपोआप उचलेल, कोणाला काय पाहिजे ते विचारेल आणि बरोबर माणसाला जोडून देईल. कोणी नसलं तर निरोप ठेवून घेईल."

मी म्हणालो, "बसव. मी काय जुन्या काळात अडकलोय का?"

हे बोलायला नको होतं. एकदा बोललो आणि तिथून माझा पाय अडकला.

मुलगा कांद्याच्या भाड्यासाठी आठवडाभर नामपूरला गेला, तेव्हाच सिस्टीम बसवणारा माणूस आला. भिंतीवर एक डबा ठोकला, वायरी ओढल्या, माझा जुना फोन काढून नवा ठेवला. सूनबाई एका शाळेत ऑफिसचं काम करते. तिनं त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकली होती.

तो माणूस म्हणाला, "आजोबा, आवाज कुणाचा टाकायचा? आमच्याकडे मॅडमचा तयार आवाज आहे."

"ऑफिस माझं, आवाज माझा," मी म्हणालो.

सूनबाईनं सुवाच्य अक्षरात कागद लिहून दिला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा,' असं काहीबाही होतं. मी रिसीव्हर धरून वाचायला लागलो आणि 'महत्त्वाचा'पाशी अडखळलो. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच. तो माणूस उगाच मोबाईल बघायला लागला. सूनबाई खिडकीबाहेर बघायला लागली. माझे कान तापले. मी कागदाची घडी घालून खिशात टाकली.

"ही असली पुस्तकी भाषा माझ्या शेतकऱ्यांना चालत नाही. मी माझं बोलतो."

आणि बोललो, "राम राम. माल उचलायचा असेल तर एक दाबा. टेम्पो भाड्यानं पाहिजे असेल तर दोन दाबा. नाहीतर थांबा, येतोच."

"एक नंबर, आजोबा! एका दमात!" तो खूश झाला. मीही झालो.

मग तो पुढचं सांगायला लागला. कुणी काहीच दाबलं नाही तर आवाज संपल्यावर बीप वाजेल आणि त्या माणसाचं बोलणं मशीनमध्ये राहील. निरोप आला की हा लाल दिवा लुकलुकेल. मग स्टारचं, म्हणजे चांदणीचं बटण दाबायचं, चार आकडी पासवर्ड टाकायचा, मग एक दाबायचा, पुसायचं असेल तर सात. "कळलं?"

"कळलं."

"एकदा करून दाखवता?"

"अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून फोन वापरतोय मी."

सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, एकदा बघून घ्या ना. हे गेल्यावर परत यायला चार दिवस लावतात."

"बघितलं म्हणतो ना!"

खरं सांगायचं तर चांदणीच्या पुढचं काहीच माझ्या डोक्यात उतरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्चीवर बसलो. पाच वाजले, सहा वाजले, फोन गप्प. दसरा तीन दिवसांवर आलेला, झेंडूचे दिवस, आणि एक घंटी नाही. साडेसातला वाजला. हॉटेलवाला होता, त्याला कोथिंबीर आणायला गाडी पाहिजे होती. म्हणजे फोन चालू होता. मग माझे शेतकरी कुठं गेले?

आज हे सांगताना सोपं वाटतं. मशीन पहिल्या घंटीलाच फोन उचलत होतं. दोन घंट्या वाजायच्याच नाहीत, तर कापणार काय? त्यांनी फोन लावला की माझा आवाज कानात. बिचारे बीप वाजली की दचकून ठेवून देत होते. एक नाहीतर दोन दाबलं असतं तरच माझ्या टेबलावर घंटी वाजली असती. पण मिस कॉल देणारा माणूस बटण कशाला दाबेल? हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, लोक फिरले. गिरणाऱ्याच्या एका पोरानं नवीन टेम्पो घेतल्याचं कानावर आलं होतं. सगळे त्याच्याकडे गेले असणार.

मी उलटा फोन करून विचारू शकत होतो. सगळे नंबर तोंडपाठ होते. पण चाळीस वर्षांत मी कुणाला 'माल द्या हो' म्हणून फोन केला नव्हता. म्हटलं, गेले तर जाऊ देत. मी नाही कुणाच्या दारात जाणार.

लाल दिवा पहिल्या सकाळपासूनच लुकलुकत होता. एका ड्रायव्हरनं विचारलं, "शेठ, हे काय लाल लाल व्हतंय?"

"करंट आहे असं दाखवतंय."

"मंग सारखं डोळा मारल्यावानी काय करतंय?"

"तुला गाडीतले दिवे कळतात तेवढे बघ."

ड्रायव्हर सगळे बाहेर गेल्यावर मी एकदा चांदणीचं बटण दाबून बघितलं. आतून कुणी बाई इंग्रजीत काहीतरी विचारायला लागली. विचारून थांबली. पुन्हा विचारलं. मी चोरासारखा रिसीव्हर ठेवून दिला. मग पंचांगाचं पान फाडून दिव्यावर चिकटवलं. तरी त्या पानाआडून तो लाल लाल दिसतच होता.

संध्याकाळी सूनबाई जेवायला वाढताना विचारायची, "बाबा, मशीन नीट चाललंय ना?"

"एकदम झकास."

हे एकदा म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी 'मला येत नाही' कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी पण झकास. खुर्ची सोडून बाहेर जावं, तर तेवढ्यात घंटी वाजली तर? बसून राहावं, तर समोर तो दिवा. दोन गाड्या रिकाम्या उभ्या, ड्रायव्हर पत्ते खेळतायत, आणि मी फोनकडे बघत बसलोय. आयुष्यात इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सूनबाईची शाळा लवकर सुटली. तीनच्या सुमाराला ती ऑफिसात आली आणि तिनं पंचांगाचं पान काढलं.

"बाबा, यात एकतीस निरोप आहेत. ऐकले का?"

"ऐकले."

"मग हे न ऐकलेले का दाखवतंय?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. तिनं वर मान केली नाही. चटचट बटणं दाबली आणि स्पीकर लावला. पहिला निरोप, नुसती खरखर आणि कट. दुसरा, खरखर आणि कट. तिसरा, चौथा, पाचवा तसाच. "कोणी बोलतच नाहीये," ती म्हणाली. पण मला प्रत्येक कट ओळखू येत होता. माझी माणसं फिरली नव्हती. ती तीन दिवस मला हाक मारत होती.

मग एक आवाज आला. गिरणाऱ्याच्या अलीकडे फाट्यावर एक विधवा बाई आहे. पंधरा वर्षांपासून मी तिचा माल उचलतो. तिचा वीस गुंठे झेंडू असतो, फक्त दसऱ्याचा. वर्षाचा सगळा हिशोब तिचा त्या दोन दिवसांवर. ती बोलत होती:

"हां भाऊ, राम राम. आवो माझं ऐकून तर घ्या, तुमचंच चाललंय. झेंडू तोडलाय, चौदा क्रेट हायेत. फाट्यावर आणून ठिवते. येतोच म्हनताय ना? बरं मंग."

तो त्या दिवशी सकाळी सहाचा निरोप होता. पुढचा आठचा. "भाऊ, आजून नाय आले. आताबी येतोच म्हनले. दुसरा टेम्पो आलता, त्याला नाय म्हनले मी. म्हनलं, आमचे भाऊ यायचेत." आणि मग साडेअकराचा. त्यात ती फक्त एवढंच म्हणाली, "ऊन लय झालंय भाऊ. पोतं भिजवून टाकलंय वरून. थांबते मी."

सूनबाईचा हात तोंडावर गेला. तिच्या कागदावर 'येतोच' हा शब्द नव्हता. तो मी घातला होता, वाचता आलं नाही म्हणून. आणि चाळीस वर्षांत मी कुणाला येतो म्हणालो आणि गेलो नाही असं झालं नव्हतं, म्हणून ती बाई दुसऱ्याच्या टेम्पोला नाही म्हणाली.

दोघेही ड्रायव्हर चहाला गेले होते. मी किल्ली उचलली. "बाबा, तुम्हाला गाडी चालवायची नाही असं ठरलंय!" सूनबाई मागून ओरडली. मी थांबलो नाही.

ती फाट्यावर बाभळीखाली क्रेटच्या रांगेला टेकून बसली होती. मला बघून उठली, पदर झटकला.

"आले का? फोनवर तर लय घाई दिसत व्हती तुमची. सारखं येतोच, येतोच."

"ताई, तो मी नव्हतो. मशीन होतं."

"मशीन तुमच्या आवाजात बोलतंय आन तुमालाच म्हाईत नाय?"

"आवाज मीच भरला होता. पण ते चालवायचं कसं ते मला समजलं नव्हतं. आणि समजलं नाही असं मी कुणाला सांगितलं नाही."

पहिल्यांदा मी हे तोंडानं म्हटलं. तिनं क्रेटवरचं पोतं बाजूला सारलं.

"माझा भाऊबी असाच हाय," ती म्हणाली. "चष्म्याबिगर वाचतो आन सगळं उलटं सांगतो. धरा खालनं."

आम्ही दोघांनी मिळून चौदा क्रेट चढवले. वरच्या दोन क्रेटमधली फुलं मऊ पडली होती. मी तडक फुलबाजार गाठला, पण तिथं सकाळीच माल भरून झाला होता. व्यापारी म्हणाला, "काका, आता उतरवूच नका. उद्या सकाळी रस्त्यावर बसूनच विका." परत जाऊन ते मी तिला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. नुसतं बरं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हणालो, "पहाटे चारला येतो. तुम्ही तयार राहा."

दसऱ्याच्या सकाळी चारला मी फाट्यावर गेलो. ती उभी होती. पाच वाजता द्वारकेला फुटपाथवर आम्ही पोती अंथरली आणि झेंडू ओतला. ज्या रस्त्यावरून मी शेठ म्हणून ये-जा केली, तिथं मी मांडी घालून तराजू धरून बसलो. ओळखीचे दुकानदार थांबून बघत होते. एकानं विचारलं, "शेठ, हे काय नवीन?" मी म्हणालो, "किती देऊ?" त्यानं तीन किलो घेतला.

नऊच्या सुमाराला सूनबाई मला शोधत आली. निम्म्याहून जास्त क्रेट रिकामे झाले होते. ती चपला काढून पोत्यावर बसली आणि काही न विचारता हार ओवायला लागली.

मी म्हणालो, "चांदणीच्या पुढचं मला काही येत नाही."

"दुपारी शिकवते, बाबा."

"दुपारी नको, आत्ता."

तिनं खिशातून मोबाईल काढला आणि त्यावरची बटणं दाखवत सांगायला लागली. आधी चांदणी, मग चार आकडे, मग एक. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला एक किलो मोजून दिला आणि तिला म्हणालो, "पुन्हा पहिल्यापासून सांग." तिनं सांगितलं. झेंडूवाली बाई पण ओणवी होऊन ऐकायला लागली. मी तिसऱ्यांदा विचारलं.