मलकापूरच्या फलाटावर राहिलेली नौदलाची पेटी

पार्सल ऑफिसात पार्सलं साचतात तसे किस्सेही साचतात. पार्सलं निदान पावती दाखवून कोणी सोडवून नेतं. किस्से मात्र आमच्याच गळ्यात! महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मलकापूर स्टेशनात मी पार्सल क्लार्क, इंगळेसाहेब माझे वरिष्ठ आणि सुखदेव आमचा जुना हमाल.

मेल थांबायची मोजकी मिनिटं. आपलं पार्सल आत अडकलेलं असलं, की सुखदेव दारातलं परकं सामान आधी फलाटावर उतरवायचा, आपलं काढायचा आणि परकं पुन्हा आत ढकलायचा. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. एक दिवस गार्डाची शिट्टी लवकर वाजली! गाडी गेली, आणि मुंबईला जाणारी एक लाकडी पेटी फलाटावरच राहिली.

"उद्याच्या गाडीनं धाडू ना!" सुखदेव म्हणाला. कापसाच्या गाठीला मारतो तसा त्याने पेटीला लोखंडी आकडा मारला आणि ती ओढत आत आणली.

मग मी लेबल वाचलं. नौदल. हेलिकॉप्टरचा सुटा भाग!

*

दुपारपर्यंत मलकापूरला हेलिकॉप्टर आल्याची बातमी गावभर झाली. बघायला आलेल्यांना पेटी दाखवली, की तोंडं उतरायची. संग्रामपूरचे एक पाटील पंपाच्या इंजिनाच्या पार्टसाठी महिनाभर खेटे घालत होते. त्यांनी पेटी हलवून पाहिली.

"वजन तं तेवढंच वाटते, बाबू. खोलून पाहू का? बसला तं बसला!"

*

इंगळेसाहेबांनी मुंबईला तार केली. उलट तार आली, "पेटी हलवू नका. माणूस येतो." समुद्रात बुडणाऱ्याला हेलिकॉप्टरमधून दोर सोडून वर ओढतात, त्याचं यंत्र त्या पेटीत होतं. त्याच्यावाचून हेलिकॉप्टर जमिनीवर बसून होतं.

आता आकड्याचं भोक सगळ्यांनाच दिसायला लागलं. "यंत्राला धक्का लागला असेल तर सुखदेवचा बिल्ला गेला," साहेब म्हणाले.

"बिल्ला गेला तं या वयात मले कोन ठेवते, बाबू?" सुखदेवने मला विचारलं. लेबल मी आधी वाचायला हवं होतं, हे आजही मनाला खातं.

*

नौदलाचा माणूस आला तो पांढऱ्याशुभ्र गणवेशात. फलाटावरच्या एका वधुपित्याने त्याला गाठलं. "बँड शेगावचा का? पंचमीले मोकळे आहा काय?"

"त्या दिवशी समुद्रावर आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

*

त्याने पेटी उघडली. आकडा फळीतून आत जाऊन यंत्राच्या वेष्टणाला लागला होता. सुखदेव हात जोडून उभा.

"बसवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही," नौदलाचा माणूस म्हणाला. संध्याकाळच्या गाडीत सुखदेवने ती पेटी तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांनी चढवली.

*

मग पंधरा दिवस सुखदेव रोज टपाल आलं का ते विचारायचा. सोळाव्या दिवशी नौदलाचं पत्र आलं. इंगळेसाहेबांनी उभं राहून मोठ्याने वाचलं, "यंत्र उत्तम चालतं. परवा उलटलेल्या नावेवरून तीन कोळ्यांना सुखरूप वर घेतलं. आमची काही तक्रार नाही."

सुखदेव जवळच्या पोत्यावर टेकला.

"तीन नाही, साहेब," तो म्हणाला. "मले धरून चार!"