पेंटरची डावी बाजू

पेंटर, तू हे वाचणार नाहीस. वाचलं असतंस तरी ओळीचा उजवा तुकडाच वाचला असतास. तरी तुझी आक्का लिहिते आहे.

चाळीस वर्षं तू पाट्या रंगवल्यास. सुताने खडूची रेघ मारायची, काठीवर मनगट टेकायचं आणि नुसत्या नजरेने अक्षरं बसवायची. म्हणून त्या सकाळी डॉक्टरांच्या पाटीवर 'दवाखाना'ऐवजी नुसतं 'खाना' उमटलं, तेव्हा अख्खी गल्ली हसली. फळीचा डावा अर्धा भाग कोराच!

"चारही अक्षरं आहेत की," तू शिडीवरूनच खेकसलास. "डोळे तपासा आपापले."

आक्काला वाटलं, सकाळीच ढोसलीय. भर रस्त्यात तिने तुला झापलं. महिनाभर तुला सर्दी होती, डोकं दुखतं म्हणत होतास, तेव्हाही 'टोपी घाल' यापलीकडे तिने लक्ष दिलं नव्हतं. थोरलेपणाची पदवी होती, अक्कल नव्हती.

पाटी बघायला आलेल्या डॉक्टरांनी मात्र तुला दोन्ही हात वर करायला लावले. डावा वर गेलाच नाही. तासाभरात तू मोठ्या रुग्णालयात होतास.

तपासण्या झाल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज आहे." आक्काने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. कुठे काही सुजलेलं लागेना. "शेकून उतरेल का?"

"आक्का, इस्त्रीच आण," तू म्हणालास.

बाईंनी समजावलं. वाहिनीची भिंत सुजते, वाट अरुंद होते, पुढे रक्त पोचत नाही. कशामुळे? कधी जंतू, कधी शरीराची राखणदार फौजच घरच्यांवर उलटते, कधी एखादं औषध. पुष्कळदा कळतही नाही.

"मध्यंतरी अंगावर नागीण उठली होती?"

"नागिणीच्या भीतीने तर लग्न केलं नाही, डॉक्टर."

त्या हसल्या. आक्काला हसू येईना. "नक्की कशामुळे, ते सांगा ना," एवढंच ती दिसेल त्याला विचारी, आणि तुझा डावा हात धरून बसे. "हा हात कुणाचा गं?" तू एकदा विचारलंस.

शिरेतून औषध चालू होतं. पाचव्या दिवशी बाईंनी विचारलं, सर्दीवर कुठल्या गोळ्या घेत होता? त्यांनीही असं होऊ शकतं. नाव आठवेना. "दुकानात ब्रशांच्या डब्याखाली पाकीट आहे. आक्का, तेवढं आण."

ती किल्ली घेऊन जिन्यापर्यंत पोचली, तोच नर्सने मागे बोलावलं. तू शुद्धीवर नव्हतास. पुन्हा आलाच नाहीस.

नंतर त्या गोळ्यांचं कुणी विचारलं नाही. किल्ली आक्काकडेच आहे. पाकीट आणायचं राहिलं.