किरनापूरहून आल्यावरची मांडी

आमचा सायकलवाला सायकल एका बोटानं उचलून कधी पारखत नसे. पार दूरच्या किरनापूरपर्यंत चालवायची, अन् परतल्यावर ओट्यावर मांडी घालून बसता येते का पाहायचं, बस्स! मी भाचीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी नागपूरहून दोन महागड्या सायकली आणल्या, एक ठेवायची होती. पहिलीवर तो लवकर आला, पण भिंतीले टेकून उभाच राहिला. दुसरीवरून उशिरा आला, अन् ऐसपैस मांडी घालून म्हणाला, “मावशी, हेच घ्या. कंबर धरली का पाय ढिले पडते.”

“त्यापेक्षा बैलगाडी घ्या!” गल्लीतले हसले.

मी दुसरीच ठेवली. शर्यतीत भाची तिच्यावर अर्ध्या वाटेपर्यंत मागंच होती. शेवटी मात्र एकेकाले मागं टाकत पहिली आली! उतरली, अन् त्याच्यासमोर रस्त्यावरच मांडी घालून बसली. तो गल्लीतल्यांकडं वळला, “हौ, बैलगाडीवाले कुठं गेले आता?”