डाव्या कुशीवर निजताना

"रोटेटर कफ फाटलाय," दौंडच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरून सांगितलं. खांदा जागेवर धरून ठेवणारे स्नायू म्हणजे रोटेटर कफ. स्कूटीवरून पडल्यापासून मला उजव्या हातानं वेणी घालता येत नव्हती. सासूबाईंच्या मते हा कामाचा कंटाळा होता.

आर्थ्रोस्कोपी ठरली, म्हणजे बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून आतल्या आत शिवणं. "तुम्हाला डाव्या कुशीवर झोपवणार," डॉक्टर म्हणाले. "उजवा हात वजन लावून ताणून धरणार, म्हणजे सांध्यात जागा होते. डावा हात खालच्या बाजूला राहील, त्यात काही घालायचं नाही." याला लॅटरल पोझिशन म्हणतात. तुमचं ऑपरेशन असेल तर हे आधी विचारून घ्या.

ऑपरेशनच्या सकाळी डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या होत्या. दुखऱ्या उजव्या हातानं मला त्या काढता येईनात. मी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी माझं मनगटच मुठीत धरलं.

"सवाष्णीचा हात मोकळा ठेवू? माझा हात रिकामा झाला तवाचं मला ठावं हाय. माझा पोरगा जिता हाय अजून."

"मावशी, काढाव्याच लागतात," सिस्टर म्हणाली.

"निघत न्हाईत, हात सुजलाय तिचा," सासूबाई धडधडीत खोटं बोलल्या.

मी म्हणाले, निघतात. माझं ऐकतंय कोण? नवरा भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता वाचत बसला. सिस्टरनं वैतागून बांगड्यांवर चिकटपट्टी करकचून गुंडाळली आणि मला आत नेलं.

शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात झोळीत होता आणि डाव्याचा अंगठा व दोन बोटं बधिर. "बांगड्या रुतून नस दबलीय," डॉक्टर चिडून म्हणाले. "बहुतेक येईल संवेदना. कधी, ते सांगता येणार नाही." चांगला हात घेऊन गेले होते, तोही घालवून बसले. तोंड धुणं, परकराची नाडी, सगळं दुसऱ्याच्या हाती गेलं.

वरवंडला घरी आल्यावर पहिला घास सासूबाईंनीच पुढं केला. मी तोंड मिटून घेतलं.

"खा. रुसून नस जागी व्हायची न्हाई."

भूक लागली होती, खाल्लं. त्या घासासारखा कडू घास मी आयुष्यात खाल्ला नाही.

टाके निघाल्यावर मी शिरूरला माहेरी गेले. तिथं एकदा चहाच्या पेल्यानं अंगठा पोळला आणि मी आनंदानं रडले. आभार मानायचेच तर मी त्या चटक्याचे मानते.

मला न्यायला आल्या तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून नव्या हिरव्या बांगड्या काढल्या. "हात पुढं कर."

त्यांची भीती मला कळते. माफी मात्र दिलेली नाही.

"आत्याबाई, हात माझा आहे," मी म्हणाले आणि पदराखाली घेतला.

त्या बांगड्या मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्यांचा मुलगा बाहेर गाडी वळवत होता, चांगला धडधाकट.